बोनेटखालची गिरणी: किरकिरणाऱ्या पट्ट्याची गोष्ट

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय एका आवाजाचा आहे. जुलै महिना, कोल्हापूर, सकाळचे सात. रात्रभर पाऊस पडून गेलाय. शेजारी कुणीतरी गाडीला चावी मारतं आणि इंजिनासोबत एक आवाज सुरू होतो. चिर्रर्र… चीं चीं चीं… अर्धा मिनिट सगळ्या गल्लीला ऐकू जातो आणि मग आपोआप बंद पडतो. गाडीवाला मनात म्हणतो, 'गेला एकदाचा.' आणि ऑफिसला निघून जातो.

तो गाडीवाला मीच. म्हणजे, गाडी बाबांची. जुनी डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, पण बाबांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले दोष शोधणं हा माझा धंदा. आणि याच आवाजाच्या बाबतीत मी अशी चूक केली, जी ऑफिसात एखाद्या नवख्या पोरानं केली असती तर मी त्याला तासभर ऐकवलं असतं. ती चूक सांगतोच. पण त्याआधी हा आवाज किती जुना आहे ते बघू. गाडीपेक्षा जुना आहे. आणि कोल्हापूरला तो शंभर वर्षांपासून चांगला ओळखीचा आहे.

बोनेट उघडून बघा

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. बोनेट उघडलं की इंजिनाच्या एका कडेला काळा रबरी पट्टा दिसतो, चार-पाच चाकांवरून नागमोडी फिरवलेला. गॅरेजमध्ये कुणी याला 'फॅन बेल्ट' म्हणतं, कुणी 'अल्टरनेटर बेल्ट', कुणी नुसतंच 'बेल्ट'.

काम सोपं आहे. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरतो. त्याच्या टोकाला एक पुली असते. ती पट्ट्याला ओढते आणि पट्टा बाकीच्यांना फिरवतो: बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप, बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही. शक्ती तयार करणारा एक आणि वाटून घेणारे चौघे-पाचजण.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. हा पट्टा वेगळा आणि टायमिंग बेल्ट वेगळा. टायमिंग बेल्ट इंजिनाच्या आत, कव्हरखाली असतो आणि व्हॉल्व्हची वेळ सांभाळतो. त्याला घरच्या घरी हात लावायचा नाही. आपण बोलतोय ते बाहेरच्या पट्ट्याबद्दल.

आता 'एक इंजिन, एक दांडा, पट्टे आणि अनेक यंत्रं' हे चित्र डोक्यात ठेवा आणि माझ्यासोबत मागं चला.

गिरणीतला पट्टा

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापड गिरणी काढली. पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. त्या गिरण्यांत प्रत्येक मागाला स्वतःची मोटार नव्हती. गिरणीला वाफेचं एकच मोठं इंजिन असायचं. त्याची शक्ती जाड सुती दोरांनी नाहीतर चामड्याच्या रुंद पट्ट्यांनी वरच्या मजल्यांवर जायची. छताखाली लांबच लांब दांडा फिरायचा, तो लाइन शाफ्ट. त्याच्यावरून प्रत्येक यंत्राकडं एकेक पट्टा खाली उतरायचा. एकच माग थांबवायचा असेल तर कामगार पट्टा घट्ट पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. पट्टा फिरत राहायचा, माग थांबायचा.

आता पुन्हा बोनेटखाली बघा. तीच गिरणी आहे, फक्त एवढीशी.

ते पट्टे उघडे फिरायचे. धोतराचा सोगा, साडीचा पदर, हाताची बोटं, काहीही त्यात अडकायचं. म्हणूनच १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात, मुलांचे कामाचे तास ठरवण्याबरोबर, धोकादायक यंत्रांना कुंपण घाला असंही कलम आलं. कायदा अपुरा होता. तो फक्त शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि पुढची मागणी लावून धरली. १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी ही त्याच लढ्याची कमाई. आजही 'इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात, ओढणी, मफलर नेऊ नका' असं सांगतात, तेव्हा त्यामागं दीडशे वर्षांपूर्वीच्या कामगारांची तुटलेली बोटं आहेत.

कोल्हापुरात हे युग आलं शाहू महाराजांच्या काळात. १९०६ साली त्यांनी शाहू छत्रपती मिल सुरू केली. आज ती बंद आहे, पण शहरातल्या जुन्या घरांत 'आजोबा मिलमध्ये होते' हे वाक्य अजून ऐकू येतं.

मोटेची करकर, इंजिनाची फटफट

गिरणी शहरात होती. शेतात त्या काळी बैल आणि मोट. विहिरीवर चाक, त्याच्यावरून नाडा, खालून सोंदूर, आणि बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की चामड्याची मोट पाणी घेऊन वर. मोटेच्या चाकाची करकर लांबून ऐकू यायची असं आजी सांगायची. आवाज बदलला की आजोबा चाकाच्या कण्याला तेल द्यायला उठायचे. म्हणजे कानानं दुरुस्ती करायची सवय आपल्याकडं पेट्रोल यायच्या आधीपासून आहे.

मग ऑइल इंजिन आलं. आधी परदेशी, महागडं. ते बिघडलं की दुरुस्तीला मिस्त्री. आणि इथं कोल्हापूरचा स्वभाव दिसतो. हे शहर उघडून बघणाऱ्यांचं आहे. बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, यांना चित्रपट काढायचा होता आणि कॅमेरा मिळेना. तेव्हा विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेराच इथं बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्याच मातीत इंजिनवाले झाले. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या पहिल्या पिढीतली नावं. दुरुस्तीसाठी आलेलं इंजिन उघडायचं, सुटे भाग इथंच ओतायचे, लेथवर कातायचे. असं करत करत पूर्ण इंजिनच कोल्हापुरात तयार होऊ लागलं. त्यातून शिवाजी उद्यमनगर बहरलं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या देशभरच्या वाहन कंपन्यांसाठी ओतकाम करतात, त्याचं मूळ या मिस्त्री लोकांत आहे.

शेजारी किर्लोस्करांची गोष्ट आहेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलींपासून सुरुवात केली, पुढं लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. ऑइल इंजिनाचा वेगळा कारखाना पुण्यात खडकीला १९४६ मध्ये निघाला.

त्या इंजिनाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य माझ्या मते त्याच्या बाजूची चपटी पुली. शेतकऱ्याकडं इंजिन एकच. सकाळी पट्टा पंपावर चढवला की उसाला पाणी. दुपारी पट्टा उतरवून कडबाकुट्टीवर. हंगामात गुऱ्हाळावर, उसाच्या चरकाला. पट्ट्याला एक तिढा देऊन चढवला की यंत्र उलट्या दिशेनं फिरणार, गिअरची गरज नाही. एका इंजिनात चार यंत्रांचं काम, आणि मध्ये जोडणारा फक्त एक पट्टा. ज्याला आपण हल्ली 'यूएसबी' म्हणतो ना, तशी ती सगळ्यांना चालणारी जोडणी होती.

गिरणीवाल्या मामांची राळ

हे चपटे पट्टे मी स्वतः बघितलेत ते पिठाच्या गिरणीत. लहानपणी डबा घेऊन दळणाला जायचो. पट्ट्याच्या जोडाची क्लिप पुलीवरून गेली की 'टक्' वाजायचं. टक्, टक्, टक्, एकदम तालात. गिरणीत ज्वारी जास्त पडली, जात्यावर भार आला की पट्टा घसरायचा आणि तोच आवाज, चिर्रर्र! गिरणीवाले मामा धार कमी करायचे किंवा पट्ट्याला राळ लावायचे. राळ चिकट असल्यामुळं पट्टा लगेच पुली धरायचा आणि आवाज गप्प.

पण दोन-चार दिवसांनी तीच राळ वाळून चकचकीत कडक थर व्हायचा आणि पट्टा आधीपेक्षा जास्त घसरायचा. मग मामा वैतागून पट्टा खरवडायचे, मोटार थोडी मागं सरकवून ताण द्यायचे. तेव्हा तो बरा व्हायचा. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पट्टा का घसरतो? दावं खुंटाला बांधताना एक वेढा दिला तर बैल ओढून सोडवतो. तीन वेढे दिले तर एक पोरगंसुद्धा बैल धरून ठेवतं. पकड दोन-तीन गोष्टींवर असते: पट्टा पुलीला किती गुंडाळला आहे, किती ताणलेला आहे आणि दोघांमधलं घर्षण किती. ताण कमी झाला, पृष्ठभाग ओला किंवा तेलकट झाला की पट्टा पुलीवर क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. तिथं आपण टाळ्या वाजवतो, इथं शेजारी खिडकी लावून घेतात.

पावसाळ्यात सकाळी का? रात्रीचा दमटपणा पट्ट्यावर बसतो. शिवाय इंजिन सुरू करताना बॅटरीची शक्ती गेलेली असते, म्हणून अल्टरनेटर लगेच जोरात चार्जिंगला लागतो आणि पट्ट्यावर भार वाढतो. ओला पट्टा आणि जास्त भार. थोड्या वेळानं पट्टा वाळतो, भार कमी होतो, आवाज थांबतो. पण निरोगी पट्टा आणि निरोगी ताण असेल तर कोल्हापूरच्या पावसातही तो ओरडत नाही. आवाज थांबला म्हणजे कारण गेलं असं नाही.

पाचर सापडली

चपट्या पट्ट्याला जागा फार लागते. मोटारगाडीत ती कुठून आणायची? उत्तर निघालं अमेरिकेत, डेन्व्हर शहरात. १९१७ मध्ये जॉन गेट्स यांनी रबर आणि कापडाचा 'व्ही' आकाराचा पट्टा बनवला. पुलीला खाच, पट्टा पाचरीसारखा. ओढ लागली की पाचर खाचेत आणखी घट्ट बसते, म्हणून थोड्या ताणात जास्त पकड. खाचेत दोर बसवायची युक्ती गिरण्यांतल्या सुती दोरांना आधीपासून माहीत होतीच. गाडीला ती रबरात मिळाली.

आपल्याकडं हा पट्टा घरोघरी माहीत झाला तो फियाट आणि अॅम्बेसेडरमुळं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट रस्त्यावर आल्या. त्या गाड्यांत एकच व्ही-पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनमो फिरवायचा. म्हणून नाव 'फॅन बेल्ट', आणि पंखा विजेवर गेला तरी नाव तसंच राहिलं. बाबा सांगतात, लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत एक जादा फॅन बेल्ट आणि दोन पाने असायचेच. ताण द्यायचा तो हातानं: डायनमोचा बोल्ट सैल करायचा, दांडीनं बाहेर रेटायचा, पुन्हा आवळायचा. अंगठ्यानं पट्टा दाबून बघायचा. जास्त सैल तर ओरडणार, जास्त ताणला तर बेअरिंग खाणार. तो अंदाज प्रत्येक ड्रायव्हरच्या अंगठ्यात होता.

पुढं गाडीत एसी आला, पॉवर स्टिअरिंग आलं. एकाचे तीन-तीन पट्टे झाले. मग लांब, पातळ, आतून बारीक उभ्या धारांचा एकच पट्टा सगळ्यांवरून फिरवायची पद्धत आली. फोर्डच्या १९७९ च्या मस्टँगपासून ती मोठ्या प्रमाणावर रुळली. चपट्या पट्ट्याचा लवचीकपणा आणि व्ही-पट्ट्याची पकड, दोन्ही त्यात आलं. पाठ सपाट असल्यामुळं तो पाठीनंही पुली फिरवू शकतो. आणि ताण द्यायला माणसाच्या अंगठ्याऐवजी स्प्रिंगचा टेन्शनर बसला. तो दिवसरात्र पट्टा ताणून धरतो. ड्रायव्हरचं एक काम कमी झालं. आणि ते काम असतं हेच तो विसरला.

आता माझी चूक

गेल्या पावसाळ्यात आवाज सुरू झाला तेव्हा मी पुण्यात होतो. बाबांनी फोनवर आवाज ऐकवला. मी म्हटलं, 'बेल्ट आहे, गॅरेजला दाखवा.' जवळच्या एका गॅरेजवाल्यानं पट्ट्यावर स्प्रे मारला. आवाज बंद. आठवड्यानं परत सुरू. गिरणीवाल्या मामांची राळ आठवतेय ना? तीच, फक्त डब्यात भरून.

मग मी यूट्यूब बघितलं आणि पुढच्या शनिवारी घरी येऊन, त्याच गॅरेजमध्ये उभा राहून नवीन पट्टा टाकून घेतला. आवाज पूर्ण बंद! मी खूश. बाबा म्हणाले, 'बाकी काही बघायला नको का?' मी म्हटलं, 'बाबा, नवीन पट्टा टाकलाय, आता पाच वर्षं बघायला नको.'

तीन आठवड्यांनी आई-बाबा रत्नागिरीहून परत येत होते. साखरपा सोडलं, आंबा घाट चढायला लागले. संध्याकाळ, धुकं, पाऊस. एका वळणावर खटकन आवाज झाला, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. पट्टा निघून पडला होता. पॉवर स्टिअरिंगचा पंप बंद, अल्टरनेटर बंद. बाबांचं वय पासष्ट. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून त्यांनी गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. दुसऱ्या बाजूला दरी होती. काही झालं नाही. दोन तास ते तिथं बसून होते. आईनं मला फोनवर एवढंच सांगितलं, 'आम्ही ठीक आहोत, तू जेवून घे.' त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी निघालेला पट्टा हातात घेतला, नवाकोरा, पण एक कड उसवलेली. त्यांनी पट्ट्याकडं दुसऱ्यांदा बघितलंही नाही. इंजिनाच्या बाजूला वाकले आणि रिकाम्या पुल्या एकेक करून हातानं फिरवल्या. अल्टरनेटर, गुळगुळीत. एसी, गुळगुळीत. टेन्शनरची पुली फिरवली तर आतून खर्रर्र, आणि धरून हलवली तर डुगडुगली. बेअरिंग खलास, पुली तिरकी. पट्टा रोज थोडा थोडा कडेला सरकत होता. जुना पट्टा कडक झाला होता म्हणून आधीच ओरडायला लागला. नवा पट्टा मऊ, त्यानं मुकाट सहन केलं आणि घाटात सोडून दिलं.

मिस्त्री म्हणाले, "इंजिनेरसायेब, पट्टा नुस्ता वरडतोय. त्येला पिडतंय कोण ते बगायचं हुतं. तुमी वरडणाऱ्याचंच त्वांड बंद केलं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. एरर येते म्हणून एरर दाखवणारी ओळच काढून टाकायची, हे मी कोडमध्ये कधी केलं नसतं.

मिस्त्रींनी शिकवलेली रीत

टेन्शनर आणि पट्टा दोन्ही बदलताना त्यांनी मला हाताशी घेतलं. ती रीत इथं देतो.

पहिलं, आवाज ओळखा. चिमणीसारखा तुटक 'चिव् चिव्' असेल तर बहुतेक पुली रेषेत नाही. लांब किंकाळी, खास करून एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, म्हणजे पट्टा घसरतोय, ताण कमी. इंजिन सुरू असताना, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर बाटलीनं थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर रेषेचा दोष. आवाज वाढला तर ताणाचा. पाण्यानं काहीच फरक पडला नाही आणि घरघर असेल तर बेअरिंगकडं संशय.

दुसरं, बदलताना इंजिन बंद आणि थंड, चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. पट्टा कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याच गाड्यांत बोनेटखाली स्टिकरवरही चित्र असतं.

तिसरं, टेन्शनरच्या बोल्टवर पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवा. पट्टा सैल होतो, तो एखाद्या गुळगुळीत पुलीवरून आधी उतरवा. टेन्शनर हळू सोडायचा, खाडकन नाही. ज्या गाडीत टेन्शनर नाही तिथं अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून जुनीच पद्धत, आणि ताण किती ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा निघालेला असताना प्रत्येक पुली हातानं फिरवा. आवाज ऐका, हलवून बघा. वर तेल किंवा कूलंट गळतंय का बघा. ही दोन मिनिटं मी वाचवली होती.

पाचवं, नवा पट्टा जुन्याशी ताडून घ्या. त्यावर '६पीके१०५०' असं काही छापलेलं असतं: सहा धारा आणि १०५० मिलिमीटर लांबी. जुन्या रबराच्या पट्ट्याला आडव्या चिरा पडायच्या, त्यावरून म्हातारपण कळायचं. हल्लीच्या ईपीडीएम रबराला सहसा चिरा पडत नाहीत, धारांमधली खाच झिजून खोल होते. म्हणून 'चिरा नाहीत, पट्टा चांगलाय' हा हिशोब आता चालत नाही. बसवताना प्रत्येक धार खाचेत बसली का बोटानं तपासा. एक धार जरी बाहेर राहिली तरी पट्टा फाटणार.

आणि स्प्रे, साबण, पावडर, राळ काही लावायचं नाही.

गिरणी पुन्हा बदलतेय

शेवटचा मुद्दा. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार आली. छताखालचा लाइन शाफ्ट गेला, त्याच्यासोबत पट्टेही गेले.

बोनेटखाली आज नेमकं तेच चाललंय. आधी पंखा विजेवर गेला. मग स्टिअरिंग. टोयोटाच्या २०१० मॉडेलच्या प्रियसमध्ये हे बाहेरचे पट्टेच नव्हते. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनच नाही, मग पट्टा कुणी ओढायचा? मधल्या काळात उलटीही गंमत झाली. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच मोटार बनतो आणि तोच पट्टा उलटा इंजिनाला सुरू करतो. म्हातारा पट्टा जाता जाता नवीन काम शिकला.

मग उद्यमनगराचं काय? मी मिस्त्रींना हेच विचारलं. ते हात पुसत म्हणाले, "मोट गेली तवा पण लोकं हेच म्हणली. फिरणारी वस्तू हाय तोवर बेअरिंग हाय, आन् बेअरिंग हाय तोवर आवाज हाय. ऐकणारा पायजे."

मला यातलं शेवटचं वाक्य टोचलं. मोटेवर आजोबा ऐकायचे, गिरणीत मामा ऐकायचे, फियाटमध्ये बाबांचा अंगठा ऐकायचा. स्प्रिंगचा टेन्शनर आला आणि आमच्या पिढीनं ऐकणं सोडलं. यंत्र सुधारलं हे चांगलंच झालं. पण ते सांगत असताना मी आवाज वाढवून गाणी लावली, हा दोष यंत्राचा नाही.

आता बाबा रोज सकाळी गाडी सुरू केली की रेडिओ लावत नाहीत. अर्धा मिनिट नुसते बसून ऐकतात. मग काच खाली करून मला म्हणतात, 'गप आहे बघ.' आणि निघतात.

तुमच्या गाडीचा, गिरणीचा, मोटारपंपाचा असा एखादा आवाज असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात सगळे मिळून ओळखू. आणि उद्या सकाळी चावी मारल्यावर गाणं लावायच्या आधी फक्त अर्धा मिनिट थांबा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा, घाटात तर नक्कीच!